मस्कीसाठी अ‍ॅल्युमिनियमची बोट: लांबी, डेक, मोटर, वजन... नेमकं काय बघून घ्यावी?

मिनेटोंकाकर:
नमस्कार मंडळी. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ऑन्टारिओ, जिथे कुठे असाल तिथल्या सगळ्यांना विचारतोय.

मस्कीसाठी (इकडचा गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) बोट घ्यायची आहे. अ‍ॅल्युमिनियमचीच, हे नक्की. फायबरग्लास बजेटच्या बाहेर जातं आणि ओढायलाही जड. गाडी ५,००० पौंड ओढणारी एसयूव्ही आहे. बोटीत दोन मोठी माणसं आणि बारा वर्षांची मुलगी असेल. बहुतेक वेळ लेक मिनेटोंका, वर्षातून तीन-चार वेळा मिल लॅक्स, जमलं तर व्हर्मिलियन, तिन्ही मिनेसोटातले तलाव. मुख्यतः कास्टिंग (आमिष फेकून ओढणं), ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढणं) क्वचित.

अडचण अशी की शोरूममध्ये दाखवतात त्या सगळ्या वॉलाय नावाच्या माशाच्या बोटी. "यात मस्कीही होते" असं सांगतात, पण कशी होते ते सांगत नाहीत. साडेसोळा फुटी पुरेल की अठरा फुटीच घ्यावी? टिलर (मागे बसून इंजिनाच्या दांड्यानं वळवायची) की कन्सोल (स्टिअरिंगची)? रिव्हेटची की वेल्डिंगची? आणि जुनी घेतली तर काय तपासायचं?

उत्तरवारा:
लांबी आणि हॉर्सपॉवर नंतर बघा. आधी पुढच्या डेकवर उभं राहून हवेत आठचा आकडा काढून बघा. बोट मस्कीची आहे की नाही ते तिथेच कळतं.

नवीन वाचकांसाठी सांगतो. मस्की आमिषामागे बोटीपर्यंत येते आणि तिथे थबकते. म्हणून प्रत्येक कास्टच्या शेवटी रॉडचं टोक पाण्यात बुडवून आमिष मोठ्या आठच्या आकड्यात फिरवावं लागतं. बरेच मासे याच वळणावर लागतात. म्हणजे खरी शिकार बोटीच्या कडेला, दोन हातांच्या अंतरावर होते. ती कडच अडचणीची असेल तर बाकीचं सगळं असून उपयोग नाही.

तेव्हा आठ काढताना रॉडच्या वाटेत काय काय येतं ते बघा. ट्रोलिंग मोटरचा (पुढे बसवलेल्या छोट्या विजेच्या मोटरचा) दांडा, वर आलेले क्लीट (दोरी बांधायचे खुंटे), विंडशील्डची कड, रॉड होल्डर, पेडस्टल सीट. क्लीट दाबल्यावर आत जाणारे हवेत, नाहीतर दोरा आणि जाळं दोन्ही त्यात अडकतात. पुढची सीट काढून ठेवता आली पाहिजे. आणि डेक एकसपाट हवा. मध्येच पायरी असेल तर मासा मागे दिसला की नजर पाण्यावर असते आणि पाय पायरीत जातो.

पाणकावळा:
उत्तरवारा यांना पूर्ण अनुमोदन. त्यात थोडं गणित घालतो, कारण डेकच्या उंचीचा विचार फार कमी लोक करतात.

समजा डेक पाण्यापासून २१ इंच वर आहे आणि किंचित वाकल्यावर हात डेकपासून ३६ इंचांवर. म्हणजे हात पाण्याच्या वर ५७ इंच, पावणेपाच फूट. साडेआठ फुटी रॉडचा एक फूट हाताच्या मागे जातो, उरला साडेसात. तो ४५ अंशात खाली धरला तर सव्वापाच फुटांच्या आसपास खाली पोचतो. टोक पाण्यात बुडलं जेमतेम सहा इंच! साडेनऊ फुटी रॉड घेतला तर तेच टोक सव्वा फूट बुडतं, शिवाय वळणही मोठं मिळतं. मोठ्या मस्कीला लहान वळणात वळता येत नाही, म्हणून हा फरक मोलाचा.

म्हणून उंच डेकची बोट घेतलीत तर लांब रॉड घ्यावेच लागतील. आणि लांब रॉड घेतले की पुढचा प्रश्न येतो, ते ठेवायचे कुठे?

गळघाशा:
रॉड लॉकर! इथेच बहुतेकांची फसगत होते. माहितीपत्रकात 'आठ फुटी रॉडसाठी लॉकर' लिहिलेलं असतं, आणि मस्कीचा रॉड साडेआठ ते साडेनऊ फूट, म्हणजे १०२ ते ११४ इंच. आत नळ्या असतील तर त्यांचं तोंडही बघा. वॉलायच्या रॉडच्या बारीक कड्यांसाठी केलेल्या नळीत मस्कीच्या रॉडची पहिली मोठी कडी जात नाही. शिवाय ३०० किंवा ४०० आकाराचं बेटकास्टिंग रीळ लावलेला रॉड आत ठेवून झाकण पूर्ण बंद होतं का, तेही बघा. झाकण रिळाच्या हँडलवर टेकत असेल तर चार महिन्यांत बिजागरी वाकते.

मुठीकडे आत सरकणारे टेलिस्कोपिक रॉड मिळतात, ती पळवाट आहे. पण लॉकरच पुरेसा असलेला चांगला.

रिव्हेट:
आता पत्र्याकडे येऊ.

बोटीला सहसा ५०५२ जातीचा मरीन अ‍ॅल्युमिनियम वापरतात. तळाचा पत्रा साधारण ०.०८० ते ०.१२५ इंच जाड. अठरा फुटी बोटीचा तळ ०.१०० किंवा जास्त असावा, बाजू थोड्या पातळ चालतात.

रिव्हेट की वेल्डिंग, यावर लोक हमरीतुमरीवर येतात, पण दोन्ही चालतं. लुंड मुख्यतः रिव्हेटच्या बोटी करते, क्रेस्टलायनर वेल्डिंगच्या. रिव्हेटच्या बोटीत पत्रा ताणून गोलाई देता येते, म्हणून नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, आकार पाणी चांगलं कापतो. वर्षानुवर्षं आपटून रिव्हेट सैल होतात आणि थेंब थेंब पाणी येतं, पण सैल रिव्हेट पुन्हा ठोकून बसवता येतो. आतून एक जण लोखंडी ठोकळा धरतो, बाहेरून दुसरा ठोकतो. वेल्डिंगच्या बोटीत सांधा गळत नाही. पण तडा गेलाच तर अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग जाणणारा माणूस लागतो, आणि तडा का गेला ते न शोधता नुसती शिवण मारली तर शेजारी पुन्हा तडा जातो.

निवड करताना जोडकामापेक्षा आतला सांगाडा बघा. डेक उचलता येत असेल तर खालचे आडवे-उभे पट्टे किती अंतरावर आहेत, ट्रान्सम (इंजिन टांगतात ती मागची भिंत) तळाला कसा बांधलाय, हे बघा.

रेवदंडेकर:
विषयांतर करतो, माफ करा. कोकणात होड्या आता बहुतेक फायबरच्या, त्याआधी लाकडी. 'नाळ' हा शब्द इथे वाचून बरं वाटलं. या पत्र्याच्या बोटी खाऱ्या पाण्यात टिकतील का?

रिव्हेट:
रेवदंडेकर, नाळेला दुसरा चांगला शब्द नाहीच, म्हणून वापरला. ५००० मालिकेचा अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात टिकतो, जहाजांनाही वापरतात. पण तीन पथ्यं पाळावी लागतात. तांबं असलेला रंग तळाला अजिबात लावायचा नाही. स्टीलचे बोल्ट लावताना मध्ये प्लास्टिकचं वायसर किंवा लेप हवा. आणि झिंक किंवा अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) लावून ते झिजले की बदलायचे. इकडच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड लागतात, कारण झिंक गोड्या पाण्यात नीट काम करत नाही.

हाच तांब्याचा त्रास जुन्या बोटींतही दिसतो. कुणीतरी डेक बदलताना घरबांधणीचं औषध मारलेलं प्लायवूड घालतो. त्या औषधात तांबं असतं. प्लायवूड ओलं झालं की ते जिथे टेकलंय तिथे पत्र्याला खड्डे पडतात. जुन्या बोटीचा 'नवा डेक' बघून खूश होण्याआधी लाकूड कोणतं घातलंय ते विचारा.

सुपीरियरकाठी:
मूळ प्रश्नाकडे. मिल लॅक्सवर जाणार असाल तर साडेसोळा फुटी नको. तलाव १,३२,००० एकरांचा आणि खोली कुठेही ४२ फुटांपलीकडे नाही. जवळपास गोल असल्यामुळे वारा कुठूनही आला तरी त्याला लांब मोकळं पाणी मिळतं. उथळ पाण्यात लाटा आखूड, उभ्या आणि लागोपाठ येतात. साडेसोळा फुटी बोटीची नाळ एका लाटेतून बाहेर येते न येते तोच दुसरीत घुसते.

अठरा फूट लांब, ९५ इंच किंवा त्याहून रुंद आणि बऱ्यापैकी खोल व्ही तळ, हा मिनेटोंका आणि मिल लॅक्स दोन्हीचा मेळ आहे. इथे रुंदीला लांबीइतकंच महत्त्व द्या. पुढच्या डेकवर दोन माणसं एकाच बाजूला उभी राहून कास्ट करत असतात. अरुंद बोट त्या बाजूला कलते, आणि कललेल्या डेकवर दिवसभर उभं राहून कंबर मोडते.

फक्त बाजू फार उंच घेऊ नका. उंच बाजू लाटेत बरी, पण वाऱ्यात तीच शिडासारखी वागते आणि बोट भरकटते. अ‍ॅल्युमिनियम हलकं, त्यामुळे हा त्रास फायबरग्लासपेक्षा जास्त. आणि जाळ्यातल्या माशापर्यंत हातही पोचला पाहिजे.

ऑन्टारिओवाला:
सुपीरियरकाठी यांच्याशी थोडा असहमत. खोल व्ही मिल लॅक्ससाठी ठीक, पण मस्की बरेचदा तीन-चार फूट पाण्यात, खडकांच्या माथ्यावर आणि शेवाळात असते. फार खोल तळाची जड बोट तिथे शिरत नाही, आणि उभी असताना डुलतेही जास्त. वर्षातले तीन दिवस मिल लॅक्स आणि बाकी मिनेटोंका असेल तर मध्यम व्ही घ्या आणि मिल लॅक्सला वारा बघून जा.

व्हर्मिलियन आणि आमच्याकडच्या खडकाळ तलावांत अ‍ॅल्युमिनियमचा फायदा सांगतो. खडकाला घासलं तर पत्रा चेपतो, बोट चालत राहते. त्याच हिशोबानं प्रॉपेलरही अ‍ॅल्युमिनियमचा ठेवा. स्टेनलेसचा वेगाला चांगला, पण खडकावर तो वाकत नाही आणि धक्का खालच्या गिअरबॉक्सपर्यंत पोचतो. बोटीत एक जादा प्रॉपेलर, त्याचा पाना, जादा नट, थ्रस्ट वॉशर आणि कॉटर पिन असू द्या. वॉशर पाण्यात पडला की जादा प्रॉपेलर असून बोट जागेवरच.

तीन_बॅटऱ्या:
ट्रोलिंग मोटरबद्दल अजून कुणी बोललं नाही. मस्कीच्या बोटीत मुख्य इंजिनापेक्षा हीच जास्त तास चालते.

ढोबळ नियम असा की भरलेल्या बोटीच्या दर १०० पौंडांना २ पौंड थ्रस्ट, म्हणजे मोटरचा ढकलण्याचा जोर. अठरा फुटीचा हिशोब करू. बोट १,५००, ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन ३६०, ३० गॅलन पेट्रोल १८५, बॅटऱ्या २७०, सामान २००, माणसं ४५०. झाले २,९६५ पौंड. नियमानं ६० पौंड थ्रस्ट पुरतो, पण तो शांत पाण्यात. वाऱ्यात शेवाळाची कड धरून बोट चालवायची तर २४ व्होल्टची ८० पौंडी मोटर ही किमान, आणि ३६ व्होल्टची ११२ पौंडी योग्य.

११२ पौंडी मोटर पूर्ण जोरात ५२ अँपिअरच्या आसपास ओढते. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटऱ्यांवर ती पूर्ण जोरात दोन तासांच्या थोडी आत चालेल. प्रत्यक्षात कुणी सतत पूर्ण जोर लावत नाही, त्यामुळे दिवस निघतो. तीन एजीएम (शिशाच्या, बंद) बॅटऱ्यांचं वजन २०० पौंड, तीन लिथियमचं ७५ ते ९०. पण लिथियम गोठणबिंदूखाली चार्ज करायची नाही, आत हीटर असलेली असेल तरच. मिनेसोटात मस्कीचा हंगाम १ डिसेंबरपर्यंत चालतो आणि मोठे मासे नोव्हेंबरच्या थंडीत मिळतात. २०२१ च्या नोव्हेंबरात मिल लॅक्सवर राज्याचा विक्रमी मासा लागला, ५५ पौंड १४ औंसांच्या वर. तेव्हा गॅरेज गरम नसेल तर हा मुद्दा आधीच सोडवा.

वायरिंगला ६० अँपिअरचा ब्रेकर आणि निदान ६ गेज वायर. बॅटऱ्या मागे असतील तर पुढे येऊन परत जाणारी वायर ४० फूट होते, मग ४ गेजच घाला. पातळ वायर गरम होते आणि मोटर अर्ध्या दिवसातच थकल्यासारखी वाटते. लोक दोष बॅटरीला देतात, असतो वायरचा.

पाणकावळा:
दांड्याची लांबीही सांगा. मोटर बसते त्या जागेपासून पाण्यापर्यंत मोजा. त्यात पंखा बुडायला निदान १२ इंच, लाटांसाठी आणखी ५-६, आणि वर हात धरायला थोडं. उंच नाळेच्या बोटीला ६० इंचांखाली घेऊच नका. लाटेत पंखा पाण्याबाहेर आला की मोठा फडफडाट होतो आणि जीपीएसवर जागा धरून ठेवलेली बोट सुटते. मागे आलेला मासाही गेलाच समजा.

मिनेटोंकाकर:
सगळे वाचतोय, टिपणं काढतोय. टिलर की कन्सोल यावर कुणी सांगेल का?

उत्तरवारा:
फक्त कास्टिंग असेल तर टिलर. कन्सोल नाही म्हणजे मधला भाग मोकळा, तिसऱ्या माणसाला कास्टिंगला जागा, आणि मासा लागला की जाळं घेऊन नाळेपासून मागेपर्यंत सरळ वाट. किंमतही कमी. आता ११५ हॉर्सपॉवरचे टिलरही मिळतात.

सुपीरियरकाठी:
नोव्हेंबरात ३५ अंश फॅरनहाइटला वीस मिनिटं टिलर धरून लाटांचे शिंतोडे अंगावर घ्यायचे, आणि सोबत बारा वर्षांची मुलगी? मी तर एका बाजूचं कन्सोल घ्या म्हणेन. पूर्ण विंडशील्डच्या बोटीत पुढचा डेक आखूड होतो आणि मधोमध काचेची भिंत उभी राहते, ती मस्कीला आड येते. एकच कन्सोल हा मधला मार्ग आहे.

उत्तरवारा:
मुलीचा मुद्दा मान्य. एका बाजूचं कन्सोल घ्या, पण त्याच्यामागे उभं राहून आठ काढता येतो का ते तपासा.

गळघाशा:
तिच्यासाठी आणखी एक. जाळं कुठे ठेवायचं ते बोट घेतानाच ठरवा. मस्कीचं जाळं म्हणजे दोन हातांत न मावणारी चौकट, रबराचा लेप दिलेली खोल जाळी. ते ट्रेबल (तीन टोकांच्या) हुकच्या वाटेत, जमिनीवर पडलेलं नको. एका बाजूला उभं करण्याचा खोबणीदार आधार मिळतो, तो मधल्या भागात बसवा म्हणजे कुणीही दोन पावलांत गाठेल.

मासा जाळ्यात आल्यावर जाळं पाण्यातच राहतं, मासा वर काढायचा नाही. लांब चोचीची पक्कड आणि हुक कापायची कातरी जाळ्याच्या त्याच बाजूला, हाताशी हवी. हुक खोल गेला असेल तर ओढत बसायचं नाही, हुकच कापायचा. मिनेसोटात बहुतेक पाण्यांत ५४ इंचांखालची मस्की ठेवता येत नाही, आणि त्याहून मोठीही जवळपास सगळे सोडतात. म्हणून ही सगळी मांडणी माशाला सुखरूप परत पाठवण्यासाठी आहे.

आणि जमिनीवर गालिचा नको, व्हिनाइल घ्या. ५/० चा ट्रेबल हुक गालिच्यात रुतला की ब्लेडनं कापून काढावा लागतो. माशाचा चिकट स्रावही व्हिनाइलवरून बादलीभर पाण्यानं जातो.

वायव्य:
लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायचं टाकं) कितीचं हवं?

गळघाशा:
मस्की त्यात ठेवायची नसतेच. उपयोग एकच, शरदात आमिषाचे जिवंत सकर मासे ठेवायला. बारा ते अठरा इंची सकरसाठी गोल, गार आणि सतत हवा मिळणारं टाकं हवं. तीस गॅलनचं एक असलं की झालं. पण पाण्याचं एक गॅलन म्हणजे ८.३ पौंड. भरलेलं टाकं २५० पौंडांचं होतं, ते मागच्या कोपऱ्यात असेल तर बोट तिकडे कलते. मध्ये असलेली बोट निवडा.

वायव्य:
आणि ट्रोलिंगसाठी?

ऑन्टारिओवाला:
कुठे करणार त्यावर. मिनेसोटात मोकळ्या पाण्यात माणशी एकच दोरा. तिघांना तीन होल्डर पुरतात. विस्कॉन्सिनमध्ये बऱ्याच ठिकाणी माणशी तीन चालतात, तिथे कडेला पूर्ण लांबीची पट्टी हवी, तीवर होल्डर सरकवता येतात. मस्कीचं मोठं क्रँकबेट आमिष चार मैलांच्या वेगात फार ओढतं. नुसत्या पातळ कडेवर स्क्रूनं ठोकलेला होल्डर पत्र्यासकट उपटून येतो. खाली जाड पट्टी घालून बोल्टनं बसवा, आणि रॉडला सुरक्षा दोरी बांधा.

जुनंतेसोनं:
जुन्या बोटीचं मी सांगतो.

पहिलं, ट्रान्सम. इंजिन अर्धं वर उचला, खालच्या टोकावर वजन टाका आणि ट्रान्समकडे बघा. तो हलला किंवा कोपऱ्यांत बारीक तडे दिसले तर आतलं प्लायवूड कुजलंय. वरच्या कडेचं आच्छादन आणि बोल्टची भोकं बघा, पाणी तिथूनच शिरतं.

दुसरं, गळती. बोट ट्रेलरवरच असताना बूच लावून आत चार-पाच इंचच पाणी भरा. जास्त नको, ट्रेलरला वजन झेपणार नाही. बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करनं खूण करा. पाच-सहा रिव्हेट गळत असतील तर किंमत कमी करायला मुद्दा मिळतो. एकाच आडव्या ओळीत सगळे गळत असतील तर तो सांगाडा हललेला आहे, ती बोट सोडा.

तिसरं, फोम. डेकखालच्या फोममध्ये पाणी मुरलेलं बाहेरून कळत नाही. बोट ट्रेलरसकट ट्रकच्या काट्यावर तोला आणि छापील वजनाशी ताडून बघा. दोन-तीनशे पौंडांचा हिशोब लागत नसेल तर ते पाणीच आहे.

चौथं, इंजिन. खालच्या गिअरबॉक्सचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर सील गेलंय आणि हिवाळ्यात ते पाणी गोठून आवरण फुटू शकतं. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकड्यापेक्षा सगळे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. इव्हिनरूड असेल तर लक्षात ठेवा की त्यांचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ मिळते का ते आधी विचारा.

रिव्हेट:
रिव्हेट गळतात म्हणून बरेच जण आतून इपॉक्सी फासतात. तात्पुरतं चालतं. पण सैल रिव्हेट आधी ठोकून घट्ट करा, मग इपॉक्सी. उलट केलं तर रिव्हेट आत हलतच राहतो आणि भोक मोठं होत जातं.

तीन_बॅटऱ्या:
ओढण्याचं राहिलं. मघाचाच हिशोब, माणसं वगळून: २,५१५ पौंड, वर ट्रेलर ७०० ते ८००. म्हणजे ३,२०० ते ३,३००. तुमच्या गाडीला झेपेल, ३,५०० वाल्या मिनीव्हॅनला मात्र काठावरचं. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन दोन्हीकडे ३,००० पौंडांपासून ट्रेलरला ब्रेक लागतात, तेव्हा ब्रेक नसलेला स्वस्त ट्रेलर गळ्यात मारून घेऊ नका. गाडीच्या हुकवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार आला पाहिजे. कमी आला तर महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा हलतो.

सुपीरियरकाठी:
आणि गॅरेज मोजा. अठरा फुटी बोट ट्रेलर, दांडा आणि इंजिनासह २१-२२ फूट होते. दांडा मुडपता येणारा ट्रेलर घेतलात तर दोनेक फूट वाचतात. दार आठ फुटी असेल तर ९५-९६ इंची बोट म्हणजे दाराएवढीच रुंदी, आत जाणार नाही. सोळा फुटी जोडदार असेल तर चिंता नाही. सोसायटीचे नियमही वाचा, पुष्कळ वसाहतींत बोट अंगणात ठेवू देत नाहीत.

वायव्य:
तलावातून बाहेर काढल्यावर बूच काढूनच रस्त्यावर यायचं, मिनेसोटात तो कायदा आहे, कारण आत राहिलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपले दुसऱ्या तलावात पसरतात. म्हणून बोट घेताना बूच हाताला सहज लागतं का तेही बघा. काही बोटींत ते बॅटरीमागे दडलेलं असतं.

मिनेटोंकाकर:
मंडळी, मनापासून आभार. आता चित्र असं दिसतंय. अठरा फुटी, ९५ इंच रुंद, मध्यम व्ही, एका बाजूचं कन्सोल, ११५ हॉर्सपॉवर, ३६ व्होल्टची ११२ पौंडी मोटर ६० इंची दांड्याची, व्हिनाइल, आणि आतून निदान साडेआठ फुटी रॉड घेणारा लॉकर. गॅरेजचं दार सोळा फुटी आहे. शनिवारी दोन नव्या आणि एक जुनी बघायला जातोय. काही राहिलं का?

पाणकावळा:
इंजिनाच्या दांड्याची लांबी आणि बोटीवरची क्षमतेची पाटी. वीस फुटांखालच्या बोटीवर किती माणसं, किती वजन आणि कमाल किती हॉर्सपॉवर ते लिहिलेलं असतं. पाटीवर १५० असेल तर ११५ ठीक. पाटीवर ११५ असेल तर तेच लावा, कमी नको. तीन माणसं आणि तीन बॅटऱ्या घेऊन ९० हॉर्सपॉवरची बोट पाण्यावर उचलायला वेळ लावते.

तीन_बॅटऱ्या:
सोनारला (पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राला) वेगळी बॅटरी. ट्रोलिंग मोटरच्याच बॅटरीवर जोडलं तर पडद्यावर रेघा येतात. पुढे बघणारं सोनार लावणार असाल तर बॅटरीवरचा भार आणखी वाढतो, तेव्हा चौथ्या बॅटरीची जागा आत्ताच बघून ठेवा.

ऑन्टारिओवाला:
इंजिन बंद करणारी दोरी, तीही विचारा. २६ फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत ती लावूनच वेगात चालवायचं बंधन आहे. टिलर सोडलात तरी हे सोडू नका.

उत्तरवारा:
शनिवारी जाताना तुमचा सगळ्यात लांब रॉड, रीळ लावलेला, सोबत न्या. मोठं जाळंही न्या. बोट ट्रेलरवर सपाट उभी करायला सांगा, कारण नाळ वर उचललेली असेल तर डेक खरा आहे त्यापेक्षा वेगळा वाटतो. मग मुलीला डेकवर उभं करा आणि तिलाही आठ काढू द्या. तिची उंची कमी, तिचा रॉड कडेला घासत असेल तर तिच्यासाठी मागच्या खालच्या डेकवर जागा आहे का ते बघा.

मिनेटोंकाकर:
साडेनऊ फुटी गाडीत तिरका मावतो का ते बघतो. नाहीच मावला तर साडेआठचा नेतो आणि उरलेलं टेपनं मोजतो.

गळघाशा:
टेपनं मोजताना लॉकरच्या झाकणाची नाही, आतली लांबी मोजा. झाकण नेहमी आतपेक्षा आखूड असतं आणि रॉड तिरका घालावा लागतो. तो तिरका आत जातो का, हेच शोरूममध्ये करून बघायचं.